साक्षीदार संपत आले आहेत

१९५२च्या ऑक्टोबरात केनियात आणीबाणी पुकारली गेली तेव्हा जो विशीत होता, त्याने आज नव्वदी ओलांडली आहे. न्येरी, मुरांगा, कियांबू या जिल्ह्यांतील चहा-कॉफीच्या उतारांवर त्या पिढीची मोजकीच माणसे उरली आहेत. कोणी जंगलात राहून लढले, कोणी सरकारच्या स्थानबद्धता छावणीत मार खाल्ला, तर कोणी त्याच छावणीच्या फाटकावर गोऱ्या सरकारची बंदूक घेऊन उभे राहिले. तिन्ही प्रकारची माणसे आता एकाच गतीने जात आहेत आणि त्यांच्याबरोबर आफ्रिकेतील एका मोठ्या वसाहतविरोधी उठावाचा खटला सुनावणीला न येताच दप्तरदाखल होऊ घातला आहे. तो चालवणे ज्यांच्या हाती होते, त्या नैरोबीच्या आणि लंडनच्या राज्यकर्त्यांनी सत्तर वर्षे एकच धोरण निष्ठेने सांभाळले. ते धोरण म्हणजे वाट पाहणे. साक्षीदार गेले की प्रश्न आपोआप निकालात निघेल, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब साफ चुकला आहे. साक्षीदारांबरोबर मरतो तो पुरावा. जमिनीचा दावा, बेपत्ता बापाचा शोध आणि शेजाऱ्यावरचा संशय या तिन्ही गोष्टी वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जातात. पुराव्याअभावी जो दावा न्यायालयात उभा राहू शकत नाही, तो रस्त्यावर उभा राहतो. केनियाने हे एकदा पाहिले आहे.

ब्रिटिशांनी ज्याला 'माउ माउ' या नावाखाली रानटी टोळीचे वेड म्हणून जगापुढे मांडले, तो उठाव मुळात सातबाऱ्याचा होता. लढणारे स्वतःला 'जमीन आणि स्वातंत्र्य सेना' म्हणवीत. उठाव मुख्यतः ज्यांचा होता त्या किकुयू लोकांच्या भाषेत 'इथाका ना वियाथी' या जोडशब्दात ती मागणी सामावली होती आणि जमिनीचा शब्द त्यात आधी येत होता. १९१५च्या कायद्याने उंच पठारावरील सुपीक जमीन गोऱ्या मळेवाल्यांना ९९९ वर्षांच्या पट्ट्याने देण्याची सोय झाली. ज्यांचे पूर्वज ती कसत होते, त्यांच्यातले हजारो तिच्यावरच मजूर म्हणून राबू लागले. प्रौढ आफ्रिकी पुरुषाच्या गळ्यात 'किपांडे' आला. दोरीला बांधलेली धातूची डबी आणि तिच्यात घडी घातलेला कागद. त्यावर बोटांचे ठसे, मालकाचे नाव, मजुरीचा दर. मालकाने शेरा मारल्यावाचून नोकरी सोडता येत नसे. बैलाच्या गळ्यात घंटा निदान वाजण्यासाठी तरी असते.

उठावाचे आकडे परिचित आहेत, पण ते एकत्र ठेवून पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. अधिकृत मोजणीप्रमाणे गोरे नागरिक मेले ३२. सरकारने ठार केलेले बंडखोर ११ हजारांहून अधिक. फासावर गेले १,०९०. आणि बंडखोरांनी 'सरकारचे' म्हणून मारलेले आफ्रिकी सुमारे १,८००. यातला शेवटचा आकडा कोणालाच नको असतो. वसाहतवादाच्या टीकाकारांना तो अडचणीचा वाटतो. साम्राज्याचे वकील तो ढालीसारखा पुढे करतात, आणि ही ढाल कोणी घडवली ते सांगत नाहीत. आजच्या केनियाचे दुखणे मात्र नेमके त्या आकड्याच्या आसपास आहे.

किकुयू समाजात राजा नव्हता, सरदार नव्हता. 'कियामा' नावाची ज्येष्ठांची सभा न्यायनिवाडा करी. 'चीफ' हे पद ब्रिटिशांनी निर्माण केले आणि त्याबरोबर करवसुली, वेठबिगार लावण्याचा अधिकार आणि जमिनीवर हात मारण्याची संधीही आली. हे चीफ आणि त्यांचे आश्रित सरकारच्या बाजूला गेले, यात नवल नाही. पण सारी फितुरी त्यांच्याच माथी मारून विषय मिटत नाही. उठावात सामील होताना घ्यायच्या शपथेतील रक्त आणि मांस आपल्या धर्माला निषिद्ध म्हणून तिला नकार देणारे ख्रिस्ती होते. भूमिहीनांचा लोंढा आपल्या शेतावर येईल, या धास्तीने सावध झालेले जमीनधारक होते. आणि बहुसंख्य माणसे साधी, भेदरलेली होती. रात्री त्यांनी झोपडीत शपथ घेतली आणि सकाळी सरकारने गावोगावी उभ्या केलेल्या होमगार्डचा भाला घेऊन पुलावर पहारा दिला. एकाच घरात एक भाऊ जंगलात आणि दुसरा ठाण्यात अशी स्थिती होती. कादंबरीकार न्गुगी वा थिओंगो यांचा एक भाऊ बंडात गेला आणि त्याची किंमत आईला होमगार्डच्या ठाण्यात मोजावी लागली. त्यांच्या 'ए ग्रेन ऑफ व्हीट' या १९६७च्या कादंबरीत स्वातंत्र्याच्या सोहळ्यात गाव ज्याला वीर म्हणून मिरवू पाहते, त्यानेच खऱ्या वीराला पकडून दिलेले असते. केनियाच्या इतिहासकारांना जे मांडायला पुढे कित्येक वर्षे लागली, ते या कादंबरीकाराने स्वातंत्र्यानंतर चार वर्षांत लिहून ठेवले.

लारीचे उदाहरण घ्या. २६ मार्च १९५३च्या रात्री लारी गावात चीफ लुका काहांगारा आणि त्याच्या माणसांच्या झोपड्यांना वेढा पडला. दारे बाहेरून बांधून छपरे पेटवण्यात आली. मेलेल्यांत बायका-मुले अधिक होती. मृतांची संख्या सत्तरच्या वर सांगितली जाते. बंडखोरांच्या क्रौर्याचा दाखला म्हणून सरकारने ती छायाचित्रे जगभर फिरवली. त्यानंतर होमगार्ड, पोलीस आणि लष्कर यांनी सूडापोटी जी माणसे मारली, त्यांची छायाचित्रे कोणी काढली नाहीत, आणि हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असावा असे इतिहासकार मानतात. या रात्रीचे मूळ कशात होते? तिगोनीची जमीन गोऱ्यांसाठी मोकळी करून देताना लुकाने बदल्यात लारीची जमीन घेतली आणि तिच्यावर हक्क सांगणारे इतर वंचित झाले. आग लागली ती या जुन्या नोंदीला. दोन्ही बाजूंची नातवंडे आजही त्याच तालुक्यात राहतात आणि एकाच बाजाराला जातात.

माणसामाणसांतली ही फट राज्यकर्त्यांनी पद्धतशीरपणे रुंदावली. २४ एप्रिल १९५४ रोजी सुमारे २५ हजार सैनिक-पोलिसांनी नैरोबीला वेढा घातला आणि शहरातील किकुयू, एम्बू व मेरू माणसे रांगेत उभी केली. रांगेपुढे डोक्यावर गोणपाट ओढलेला एक माणूस बसवलेला असे. डोळ्यांपुरती दोन भोके. त्याला लोक 'गाकुनिया' म्हणत, म्हणजे छोटे पोते. समोरून एकेक जण जाई. पोत्याने मान हलवली की तो माणूस छावणीत, नाही हलवली तर घरी. पोत्याआडचा माणूस कोण होता? भाडेकरू, सहकारी, कदाचित सख्खा चुलतभाऊ. ज्यांची रवानगी झाली ते मरेपर्यंत हाच विचार करीत राहिले. त्याच वर्षीच्या जूनपासून दहा लाखांहून अधिक ग्रामीण लोकांची घरे मोडून त्यांना काटेरी तारांच्या, खंदकांच्या आठशेहून अधिक वस्त्यांत कोंबण्यात आले. खंदक बायकांनी खणले आणि पहारा त्यांच्याच गावच्या होमगार्डने दिला. १९५५च्या जानेवारीत गव्हर्नर बेअरिंग यांनी होमगार्ड आणि सुरक्षादलांच्या झाल्या कृत्यांवर खटले न भरण्याची हमी जाहीर केली. त्या कृत्यांच्या तपासावर अडून बसलेले पोलीस आयुक्त आर्थर यंग आधीच राजीनामा देऊन गेले होते. कायद्याच्या राज्याचा बाणेदारपणा आणीबाणीत एवढाच दिसला, की एक आयुक्त घरी गेला.

मग बक्षिसांची वाटणी झाली. हा भाग आम्ही सर्वांत गंभीर मानतो, कारण मार विसरता येतो, बांध विसरता येत नाही. १९५७च्या पहिल्या आफ्रिकी निवडणुकीत किकुयू, एम्बू आणि मेरू मतदाराला राजनिष्ठेचा दाखला आणावा लागे. व्यापाराचे परवाने, कॉफी लावण्याची मुभा, करातील सूट यांचे वाटेकरीही राजनिष्ठच होते. आणि याच काळात, १९५४च्या स्विनर्टन योजनेखाली, जमिनींचे एकत्रीकरण झाले. विखुरलेले तुकडे मोजून, एकत्र करून प्रत्येकाच्या नावे एकेक पट्टा काढण्याची ही योजना शेतीशास्त्राच्या दृष्टीने शहाणपणाची म्हणता येईल. पण ती राबवली केव्हा? गावातले कितीतरी कर्ते पुरुष छावणीत किंवा जंगलात असताना. पंच कोण? जे बाहेर उरले ते. ज्याची जमीन, तो हजर नाही. ज्याचा डोळा, तो पंचांत बसलेला. वर जमिनीचे दावे दाखल करण्यालाच मनाई. सुटून आलेल्या कैद्याला ओढ्याकाठची काळी जमीन शेजाऱ्याच्या नावे आणि स्वतःच्या नावे खडकाळ उतार दिसला, तर दाद मागायची कोणाकडे? १९६३च्या नोंदणी कायद्याने ती वाटही बंद केली. लबाडीने किंवा चुकीने झालेली नोंद न्यायालय रद्द करू शकेल, अपवाद फक्त पहिल्या नोंदीचा, असे त्या कायद्याचे कलम होते. चोरी सिद्ध झाली तरी पहिला चोर सुरक्षित! हे कलम स्वतंत्र केनियाने २०१२पर्यंत जिवापाड जपले.

१२ डिसेंबर १९६३ला निशाण बदलले. ज्यांना उठावाचे सूत्रधार ठरवून ब्रिटिशांनी सात वर्षांची शिक्षा दिली, ते जोमो केन्याटा पंतप्रधान झाले, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. माउ माउ हा उपटून टाकलेला रोग आहे, त्याची आठवणही काढू नये, असे त्यांनी १९६२लाच जाहीर सभेत सांगितले होते. नंतर घोषणा आली की स्वातंत्र्यासाठी सगळेच लढले. सगळेच लढले असे म्हटले की पकडणारा आणि पकडलेला एकाच पंगतीत बसतो, आणि वाढपीही पकडणाऱ्याच्या घरचाच असतो. गोऱ्यांचे मळे सरकारने कर्जे काढून विकत घेतले आणि भूमिहीनांना सांगितले, पैसे भरा. जंगलातून आलेल्याकडे पैसे असणार कुठून? केन्याटांना ज्यात शिक्षा झाली त्या कापेनगुरियाच्या खटल्यात त्यांच्या बाजूला आरोपी म्हणून उभे राहिलेले बिल्डाड काग्गिया भूमिहीनांसाठी बोलत राहिले, तेव्हा केन्याटांनी त्यांना भर सभेत विचारले, की बाकीच्यांनी कमावले, तू स्वतःसाठी काय केलेस? राष्ट्रपित्याच्या तोंडचा हा प्रश्न पुढे त्या राज्याची घटनाच बनला. छावण्यांत सात वर्षे काढलेले खासदार जे. एम. कारिउकी यांनी दहा कोट्यधीश आणि एक कोटी भिकारी असा देश नको, असे बजावले. १९७५च्या मार्चमध्ये त्यांचे प्रेत न्गाँगच्या टेकड्यांत सापडले. आणि 'माउ माउ'वरील बंदी? ती ब्रिटिशांनी १९५०मध्ये घातली आणि केनियाने उठवली २००३मध्ये. स्वातंत्र्याची चाळीस वर्षे स्वातंत्र्यसैनिक कायद्याने बेकायदा होता.

एवढी विस्मृती पेरल्यावर पीक यायचेच. मध्य प्रांतात ज्यांची जमीन गेली, त्यांच्यातले अनेक पुनर्वसन योजनांतून आणि वर्गणीच्या जमीन-कंपन्यांतून रिफ्ट खोऱ्यात गेले, आणि तिथे कालेंजिन व मासाई लोकांच्या नजरेत उपरे ठरले. एका जिल्ह्यातला अन्याय न सोडवता दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन वसवला गेला. २००७च्या अखेरीस झालेल्या निवडणुकीचा निकाल हे निमित्त झाले. दोन महिन्यांत अकराशेच्या वर माणसे मेली, सहा लाखांच्या आसपास लोक बेघर झाले, आणि एल्डोरेटजवळ किआंबा येथे चर्चमध्ये आसरा घेतलेली माणसे १ जानेवारी २००८ला आतच जळाली. उलट बाजूने नाकुरु-नैवाशात सूड घेणाऱ्यांत 'मुंगिकी' होते. आपण माउ माउचे वारस आहोत असे सांगणारी, शपथा घेणारी, खंडणी उकळणारी ही टोळी. खरा इतिहास शाळेत शिकवला असता, खऱ्या सैनिकाला सन्मान आणि जमीन मिळाली असती, तर त्याचे नाव गुंडांच्या हाती इतके स्वस्तात पडले नसते.

त्या रक्तपातानंतर सत्य, न्याय आणि सलोखा आयोग नेमला गेला. त्याच्या अधिकाराची सुरुवात धरली १२ डिसेंबर १९६३पासून. म्हणजे ज्या दशकात विष कालवले गेले, ते पार्श्वभूमी म्हणूनच तेवढे पाहायचे. मे २०१३मध्ये अहवाल राष्ट्राध्यक्षांच्या हाती गेला. राष्ट्राध्यक्ष होते उहुरु केन्याटा, जोमोंचे चिरंजीव. जमिनीच्या प्रकरणातील पहिल्या राष्ट्राध्यक्षांविषयीचे परिच्छेद दडपणाखाली गाळल्याचे सांगून आयोगाच्या तिन्ही परदेशी सदस्यांनी त्या प्रकरणापासून स्वतःला अलग केले. संसदेने अहवालाची अंमलबजावणी स्वतःच्या मंजुरीवर टांगली आणि तो तिथेच टांगलेला राहिला. दरम्यान राज्ययंत्रणेचा जुना साचा शाबूत आहे. सार्वजनिक सुव्यवस्थेचा कायदा १९५०चा, वसाहती सरकारचा. २५ जून २०२४ रोजी करवाढीविरुद्ध संसदेवर चालून गेलेल्या तरुणांवर गोळ्या झाडल्या गेल्या; नंतर आंदोलकांना उचलून नेल्याच्या तक्रारी आल्या. या तरुणांच्या आजोबांना जशी वागणूक मिळाली, तिची चौकशी झाली असती तर नातवांना गोळ्या घालणारा हात एकदा तरी थबकला असता.

लंडनचा वाटा याहून थंड डोक्याचा. वसाहती सोडताना त्रासदायक कागद जाळले किंवा गुपचूप मायदेशी नेले गेले. ३७ माजी वसाहतींच्या अशा हजारो फायली इंग्लंडमधील हॅन्सलोप पार्क या सरकारी ठाण्यात दडवलेल्या होत्या. केनियातील वृद्धांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला म्हणून २०११मध्ये त्यांची कबुली द्यावी लागली. १९५९मध्ये होला छावणीत ११ कैद्यांना बडवून मारले, तेव्हा पिण्याच्या पाण्याने ते मेल्याचे प्रथम सांगितले गेले होते. अशा सरकारकडून स्वखुशीने कागद येतील ही अपेक्षाच भाबडी. २०१३मध्ये ५,२२८ दावेदारांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड झाली, 'खेद' व्यक्त झाला आणि कायदेशीर जबाबदारी मात्र नाकारली गेली. त्यानंतर सुमारे ४० हजार केनियनांचा मोठा दावा आला. २०१८मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. इतक्या काळानंतर, साक्षीदारांअभावी, न्याय्य सुनावणी शक्य नाही, हे त्याचे मुख्य कारण. ज्याने कागद लपवले, त्यालाच विलंबाचा लाभ मिळाला. वाट पाहण्याचे धोरण किती फायद्याचे, याची याहून स्वच्छ पावती कोणती? २०२३च्या ऑक्टोबरात राजे चार्ल्स नैरोबीत जाऊन त्या अत्याचारांना क्षमा नाही म्हणाले. स्वतः क्षमा मात्र मागितली नाही.

आणि या प्रकरणाशी आपला काय संबंध, असे मराठी वाचकाने विचारू नये. १९४८मध्ये भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीत गेले ते औंधचे आप्पा पंत, आपल्या संस्थानात प्रजेला स्वराज्य देणाऱ्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे पुत्र. आफ्रिकी नेत्यांशी त्यांनी इतका उघड स्नेह ठेवला, की ब्रिटिशांनी दिल्लीकडे तक्रारींचा धोशा लावला आणि १९५४मध्ये त्यांना तेथून हलवावे लागले. गोमंतकीय आईबापांच्या पोटी नैरोबीत जन्मलेले, भारतात शिकलेले, गोव्याच्या मुक्तिचळवळीत उतरल्यामुळे पोर्तुगीजांच्या डोळ्यांवर आलेले पियो गामा पिंटो यांना त्याच वर्षी ब्रिटिशांनी अटक केली आणि पाच वर्षे स्थानबद्ध ठेवले. स्वतंत्र केनियाच्या संसदेत ते सैनिकांच्या आणि भूमिहीनांच्या बाजूने उभे राहिले. २४ फेब्रुवारी १९६५ला घराच्या फाटकाशी, लहान मुलगी गाडीत असताना, त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. सूत्रधार आजवर ठरलेला नाही. त्याच वेळी हेही खरे, की तिथला बराचसा हिंदी समाज दुकानाच्या फळ्या लावून कोणती बाजू जिंकते ते पाहत बसला होता. निष्ठा फक्त किकुयूंच्याच दुभंगल्या नव्हत्या.

म्हणून मागण्या लांबणीवर टाकण्यासारख्या नाहीत. नैरोबीने उरलेल्या सर्व वृद्धांच्या साक्षी, होमगार्डच्याही, याच वर्षी नोंदवायला घ्याव्यात. होमगार्डच्या का, तर पोत्याआडून पाहिलेले तेवढे त्यांनाच ठाऊक आहे. खटल्याचे भय घालून ते ऐकता येणार नाही. साक्षीला अभय द्यावे लागेल आणि सैनिकांच्या वारसांना ते गिळावे लागेल. एकत्रीकरणाच्या मूळ नोंदवह्या जनतेला पाहायला खुल्या कराव्यात. आयोगाचा अहवाल, गाळलेल्या परिच्छेदांसह, संसदेत मांडावा. लंडनने केनियाचे कागद केनियाला परत द्यावेत. प्रती नव्हेत, मूळ कागद. आणि दिल्लीने नैरोबीतील आपल्या कचेरीची आप्पा पंतांच्या त्या सहा वर्षांची टिपणे अभ्यासकांना सुलभ करावीत, कारण ब्रिटिशांच्या शिक्क्याशिवाय लिहिला गेलेला त्या काळचा शासकीय वृत्तांत दुसरीकडे फारसा मिळायचा नाही.

उठावाचा सेनानी देदान किमाथी याला १८ फेब्रुवारी १९५७ रोजी कामिती तुरुंगात फाशी देऊन आवारातच बिनखुणेचे पुरण्यात आले. पन्नास वर्षांनी त्याच तारखेला नैरोबीच्या भर चौकात त्याचा पुतळा उभा राहिला. त्याची पत्नी मुकामी त्यानंतरही सोळा वर्षे एकच मागणी करीत राहिली, की नवऱ्याची हाडे मिळावीत आणि रीतसर मूठमाती देता यावी. ४ मे २०२३ रोजी ती गेली. हाडे तिला मिळाली नाहीत.